कासवाची डावी बाजू

लातूरला मी राहायला गेले ती फुफीच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या घरी. अम्मीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. देगलूरला आमची बेकरी होती, घराच्या पुढच्याच भागात. उजाडायच्या आत भट्टी पेटायची, पत्र्याचे ट्रे एकमेकांवर आदळायचे, आणि खारी-टोस्टाचा वास अंथरुणापर्यंत यायचा. दुकानाच्या फळीवर तेलुगू, कानडी, मराठी, आमची दखनी असा सगळा कालवा चाललेला. एकच गिऱ्हाईक एका भाषेत भाव विचारायचं आणि दुसऱ्या भाषेत भांडायचं. अम्मी गेल्यानंतरही हे घर तसंच गजबजलेलं राहिलं, आणि मला त्याचंच नवल वाटायचं. भाभीनं स्वयंपाकघर सांभाळलं, भाईनं भट्टी सांभाळली. मला सांभाळायला काही उरलं नव्हतं. मी नांदेडला जाऊन-येऊन संगणकाचा कोर्स पुरा केला होता, तिथल्या सरांच्या हाताखाली लहान मुलांना थोडं शिकवलंही होतं. पण देगलूरला त्याचा उपयोग काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी मधल्या खोलीत बसून राहायची.

फुफांचं, म्हणजे फुफीच्या यजमानांचं, त्याच सुमारास निधन झालं. त्यांना मूल नव्हतं. अब्बा लातूरहून परत आले आणि दोन-तीन दिवसांनी नानकटाईचं पीठ मळता मळता म्हणाले, “नसीम, तुझी फुफी एकटी पडली. तू बी हितं भिंतीकडं बघत बसतीस. लातूरला एक शाळा हाय, तिथं कंप्युटर शिकवायला मुलगी पाहिजे म्हणत्यात. दोघी मिळून ऱ्हावा.” घरात आम्ही दखनीच बोलायचो, ते बोलणं इथं मी मराठी करून लिहिते आहे, तेव्हा त्यातली अर्धी चव गेली असं समजावं.

फुफीचं घर दोन खोल्यांचं, पुढं छोटंसं अंगण आणि मागच्या भिंतीला लागून डाळमिल. मिलची घरघर दिवसभर चालायची. पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पेरूच्या झाडाच्या पानांवर तुरीचा पिवळा भुसा बसलेला असे. फुफीच्या हाताला चव होती. चिंचेची खट्टी दाल, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या पातळ भाकरी, आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, बगारा खाना हा फोडणीचा भात नि सोबत दालचा. पण जेवताना ती ताटाकडे बघून जेवायची आणि मी तिच्याकडे बघून. मी काही विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. आलं तर भलतंच. “फुफी, मीठ देऊ का?” असं मी विचारलं की ती म्हणायची, “हाव, उद्या बघू.” पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नंतर वाटायला लागलं, ही मुद्दाम करते आहे. मी दारातून आत आले तरी ती मान वर करायची नाही. एकदा मी अंगणातून तीनदा हाक मारली, ती पाठमोरी तांदूळ निवडत राहिली. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. देगलूरला मी नको होते म्हणून इथं पाठवली, आणि इथंही नको आहे, असा माझा हिशेब झाला. एकवीस वर्षांच्या मुलीला असे हिशेब फार लवकर करता येतात.

शाळा शहराच्या टोकाला होती. मूकबधिर मुलांची निवासी शाळा. हे अब्बांनी मला सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांनाही ठाऊक नसावं. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरले, मधली सुट्टी होती, मैदानात मुलं पळत होती, आणि आवाज होता तो फक्त चपलांचा. तो आवाज मला अजून आठवतो. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं स्वच्छ आणि एकेक शब्द सुटा, जणू समोरचा माणूस नेहमीच त्यांच्या ओठांकडे बघतो आहे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पहिलाच नियम सांगितला.

“वर्गात हातवारे चालणार नाहीत. मुलांना ओठ वाचायला लावायचं आणि तोंडानं बोलायला लावायचं. संगणकाचे शब्दसुद्धा. आज इथं ती एकमेकांशी खुणांनी बोलतील, पण उद्या एसटीत, दवाखान्यात, बाजारात यांच्या हातांशी कोण बोलणार आहे?”

त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. बाई स्वतः वर्गावर्गात फिरून मुलांना आवाज शिकवायच्या. मुलाचा हात आपल्या गळ्यावर धरून ‘ग’ कसा थरथरतो ते दाखवायच्या, तोंडासमोर कागद धरून ‘प’नं तो कसा हलतो ते दाखवायच्या. एकेका अक्षरासाठी आठवडे. मुलांच्या छातीवर पट्ट्यात अडकवलेली श्रवणयंत्रं असायची, त्यांच्या वायरी कानांपर्यंत गेलेल्या, आणि त्यातल्या पुष्कळांचे सेल संपलेले असायचे.

संगणकाची खोली व्हरांड्याच्या अगदी शेवटी होती. कुण्या उद्योजकांनी आपल्या कचेरीतले जुने संगणक शाळेला दिले होते. त्यावर काय शिकवायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मला जे येत होतं ते मी काढलं. पडद्यावर एक कासव असतं, त्याला पुढं जा, मागं ये, डावीकडे वळ, उजवीकडे वळ असं लिहून सांगायचं, आणि ते जाईल तिथं रेघ उमटते. कासव म्हणजे खरं तर एक लहानसा त्रिकोण. त्रिकोणाचं टोक जिकडे, तिकडे कासवाचं तोंड. मी फळ्यावर ‘कासव’ लिहिलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून पडद्याच्या मागं जाऊन बघून आली आणि हात उताणे करून उभी राहिली. कुठं आहे कासव? सगळा वर्ग हसला. मुलांचं ते हसणं खूप मोठ्यानं येतं, त्यांना ते किती मोठं आहे हे कळत नसल्यामुळे. मीही हसले. लातूरला आल्यापासून पहिल्यांदा.

त्या मुलीचं नाव मंगल. मुरुडकडच्या शेतकरी घरातली. चौदा-पंधरा वर्षांची, काळीसावळी, कपाळावर लहान व्रण. घरी आई-वडील, भाऊ, काका, मोठं खटलं. पण तिच्याशी बोलता येणारं त्यात कुणी नव्हतं. ‘ये’, ‘जेव’, ‘झोप’ एवढ्या खुणा घरच्यांना यायच्या. सुट्टीत घरी गेली की ती सुट्टी संपायची वाट बघायची, हे तिनं मला पुढं सांगितलं. आता ती पुण्याकडे एका कारखान्यात संगणकावर आराखडे काढते, नवराही तिच्यासारखाच, आणि मोबाइलवर चेहरा दिसायला लागल्यापासून आम्ही दोघी हातांनी तासन्‌तास बोलतो. मी लिहिताना ती मधूनच फोन करते, तेव्हा चष्मा वर सरकवून, दोन्ही हात मोकळे करून बसावं लागतं.

नांदेडला ऐकू येणाऱ्या मुलांना शिकवताना एका जागी हमखास गाडी अडायची. कासवाचं तोंड वर असेल तोवर सगळं ठीक. पण ते खाली तोंड करून असलं की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. तिथं मुलं गोंधळायची. माना वाकड्या करायची, खुर्चीतून उठून पाठमोरी व्हायची, एक जण तर टेबलावर डोकं उलटं टेकून बघायचा. हे समजावण्यात सरांचे आठवडे जायचे. म्हणून लातूरला मी त्या धड्याची चांगली तयारी केली होती. पुठ्ठ्याचं कासव कापून नेलं होतं. पडद्यावर खाली तोंड केलेलं कासव ठेवलं आणि खूण केली, याला पडद्याच्या उजव्या कडेला न्या. मंगलनं क्षणभर बघितलं आणि डावीकडे वळायचा हुकूम लिहिला. कासव उजव्या कडेला निघालं. मला वाटलं, चुकून जमलं. दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही तेच केलं. तिसऱ्यालाही जमलं. पुठ्ठ्याचं कासव माझ्या हातात तसंच राहिलं.

याचं कारण मला बऱ्याच दिवसांनी मैदानात कळलं. मुलं समोरासमोर उभी राहून बोलत होती. एक जण सांगत होता, फाटकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला दुकान आहे, आणि त्याचा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे होता. बघणारा ते मनातल्या मनात उलटवून घेत होता, जाता जाता, त्याचा विचारही न करता. जन्मभर ही मुलं समोरच्याच्या जागी उभी राहूनच त्याचं बोलणं समजून घेत आली होती. कासवाच्या जागी उभं राहणं त्यांना काय अवघड?

मग मी भुलभुलैया घेतला. कासवानं भिंती काढायच्या, त्यात वाटा आणि बंद गल्ल्या ठेवायच्या, आणि मग दुसऱ्या एका कासवाला कळा दाबून त्यातून बाहेर काढायचं. पाऊल टाकण्याआधी कासवाच्या नाकासमोरचा रंग विचारायचा. भिंतीचा असेल तर पाऊल टाकायचं नाही. एवढी एक गोष्ट कळली की खेळ तयार. मुलं वेडी झाली. जेवणाची घंटा त्यांना ऐकू यायची नाही आणि मी सांगायची नाही. व्हरांड्याच्या टोकाला बाईंची फेरी क्वचितच यायची. त्या खोलीत हात मोकळे सुटत. मी तोंडानं बोलायचा नियम पाळायचा प्रयत्न करायची, पण ‘जर भिंत असेल तर’ हे ओठांवरून कुणाला कळणार? हातांनी ते एका क्षणात सांगता यायचं. मुलं मला शिकवत होती. चुकलं की मंगल माझी बोटं धरून सरळ करायची. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मुलं आपसांत काही बोलताना खांद्याजवळ चिमूट धरून ओढल्यासारखं करतात आणि माझ्याकडे बघतात. मी विचारलं, हे काय? मंगलनं माझी ओढणी दाखवली. ती घसरायची आणि मी सारखी ओढून घ्यायची. ते माझं नाव होतं. कितीतरी दिवसांपासून मला तिथं एक नाव होतं आणि मला पत्ताच नव्हता.

घरी मात्र तेच ताट, तीच घरघर, तेच मौन. संध्याकाळी मी अंगणात बसून शिकलेल्या खुणा एकटीच करून बघायची. फुफी दारातून बघायची आणि काही न बोलता आत जायची.

ईद आली. फुफांच्या माघारी पहिलीच ईद, त्यामुळे घरात उत्साह नव्हता. पण फुफीनं शीरखुर्म्याची तयारी केली होती. शाळेला सुट्टी होती, वसतिगृहातली बरीच मुलं त्या दिवशी कुठं ना कुठं गेली होती, आणि मंगलला न्यायला कुणी आलं नव्हतं. मी मोठ्या बाईंना विचारून तिला घरी आणलं. फुफीला सांगितलं, “ही मंगल, शाळेतली.” फुफीनं तिच्याकडे बघून मान हलवली.

पुढं जे झालं ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. मंगल सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फुफीच्या दंडाला हात लावून तिनं विचारलं, हे काय करता? फुफीनं बदाम दाखवले. मंगल सोलायला बसली. थोड्या वेळानं दंडाला पुन्हा हात. चारोळी संपली. फुफीनं बोटानं फडताळ दाखवलं. दूध उतू जायला लागलं तशी मंगलनं पदराचं टोक धरून फुफीला वळवलं. दोघी धावल्या, पातेलं उतरवलं, आणि फुफी हसली. पुढचे दोन दात दिसतील असं हसली. महिनोन्‌महिने माझ्याशी धड चार शब्द न बोललेली माझी फुफी एका परक्या मुलीशी तासभर गप्पा मारत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून, वाटी हातात धरून उभी होते.

संध्याकाळी मंगलला पोचवायला निघाले. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात हलवला. तुझी फुफी, मग कानाला बोट लावून मूठ मिटली. आमच्यासारखी.

मी नाही म्हटलं. ती वयस्कर आहे, दुःखात आहे, मला जरा टाळते, असं काहीबाही हातांनी सांगायला लागले. मंगलनं मान हलवली. ती सांगायला लागली, आणि तिचे हात इतके स्पष्ट होते की मला पळवाट उरली नाही. दारावर कुणी आलं तेव्हा तू उठलीस, ती नाही उठली. तू उठलीस हे बघून ती उठली. तू बोलतेस तेव्हा ती तुझ्या ओठांकडे बघते. तू वळलीस की ती थांबते. मला माहीत आहे हे, मी रोज तेच करते.

घरी आले तेव्हा फुफी पाठमोरी बसून पातेली घासत होती. डाळमिल त्या दिवशी बंद होती. मी बारीक आवाजात हाक मारली, मग मोठ्यानं. मग मी डेगचीचं झाकण उचललं आणि तिच्या मागं शहाबादी फरशीवर सोडून दिलं. शेजारच्या घरातून कुणीतरी “क्या गिरा वो?” म्हणून विचारलं. फुफी पातेली घासत राहिली.

मी तिच्या समोर जाऊन बसले. झाकण बाजूला गडगडत गेलेलं तिनं आता पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ओल्या हातांनी तिनं डोक्यावरचा पदर पुढं घेतला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“हळू बोल. तोंड इकडं कर.”

“कधीपासून, फुफी?”

“लई दिवस झाले. तुझे फुफा होते तवा त्येंला ठाऊक होतं. ते समोर येऊन बोलायचे.” तिनं हातातलं पातेलं उपडं ठेवलं. “लोकांला मी मिलचं नाव सांगते. मिलच्या आवाजात ऐकू येत न्हाई म्हणते. समदे मानतात.”

“मला सांगायचं होतंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू माझ्या भाईला, तुझ्या अब्बांला, सांगितलं असतंस. भाई मला देगलूरला घेऊन गेला असता. तिथं मी कोपऱ्यात बसले असते, आणि समदे माझ्याकडं बघून वरडून वरडून बोलले असते. हितं माझं घर हाय.” मग तिनं राख लागलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “तू आलीस तवा तुझे ओठ लई भराभर हलायचे. मला काय बी कळायचं न्हाई. तुला वाटलं असंल, फुफी गर्वाची हाय.”

“मला वाटलं, मी तुला नको आहे.”

ते तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हणायला गेले आणि माझे ओठ नीट हलेनात. शेवटी मी हातांनीच सांगितलं, मला त्या वेळी जसं येत होतं तसं. त्या खुणा तिला माहीत नव्हत्या, तरी ती समजली. तिनं मला जवळ घेतलं. तिच्या हाताला राखेचा आणि दुधाचा वास होता. त्यानंतर आमच्या घरात मीठ, चहा, दारावर कुणी आलं, आज उशीर होईल, अशा सगळ्यांच्या खुणा झाल्या. काही मंगलच्या, काही फुफीनं स्वतः बनवलेल्या. पुढं तिला कानाचं यंत्र आणून दिलं तर तिनं ते चार दिवस लावलं आणि पानदानात ठेवून दिलं. म्हणाली, समद्या गावचा गोंगाट येतो त्यात, कामाचं काय बी येत न्हाई.

शाळेत वर्षाच्या शेवटी संगणक देणारे उद्योजक यायचे होते. मुलं काय शिकली ते बघायला. संस्थेचे लोकही येणार होते. मोठ्या बाईंनी मंगलची निवड केली, कारण तिचा खेळ सगळ्यांत वेगळा होता. बाकीच्या मुलांच्या भुलभुलैयात बाहेर पडायची वाट होती. मंगलच्या खेळात तशी वाट नव्हतीच. दोन टोकांना दोन कासवं, दोन खेळणारे, आणि दोघांची गाठ पडली की खेळ संपला. मी तिला विचारलं होतं, जिंकणार कोण? तिनं खांदे उडवले होते. दोघं.

बाईंनी तिच्याकडून दोन आठवडे वाक्यं घोटून घेतली. “हे कासव आहे. कासव पुढे जाते.” मंगल जिवापाड मेहनत करायची. कासवातला ‘स’ तिला काही केल्या नीट निघायचा नाही.

त्या दिवशी संगणकाच्या खोलीत माणसं मावत नव्हती. पाहुणे, म्हणजे ते उद्योजक, साधे होते, पोट सुटलेले, हसरे गृहस्थ. बाई म्हणाल्या, “मंगल, पाहुण्यांना सांग.” मंगल उभी राहिली. तिनं गळ्यावर हात ठेवला, जसा बाईंनी शिकवला होता, आणि म्हणाली, “हे का...शव आए.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तिनं काय केलं होतं ते अजून कुणी बघितलंही नव्हतं. मंगल टाळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढचं वाक्य तिच्या तोंडातून आलं नाही. तिचे हात वर आले.

“हात खाली,” बाई हळूच म्हणाल्या.

मंगलनं हात खाली घेतले नाहीत. ती भराभर सांगायला लागली, खेळ कसा आहे, भिंत कशी ओळखायची, दोन कासवं का आहेत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. खोलीत ते समजणारं, आवाज असलेलं माणूस मी एकटीच होते. मी तोवर कधी चारचौघांत मोठ्यानं बोलले नव्हते. ओढणी खांद्यावर ओढून घेतली आणि म्हणाले, “ती सांगते आहे की हा खेळ एकट्यानं खेळता येत नाही. तुम्ही बसा, ती तुम्हाला शोधायला येते म्हणते.”

पाहुणे हसत हसत बसले. खेळ सुरू झाला. त्यांचं कासव खाली तोंड करून होतं. त्यांना उजवीकडे जायचं होतं, ते गेलं डावीकडे, भिंतीला अडलं. पुन्हा तसंच. ते खुर्चीत वाकडे व्हायला लागले. मंगलनं सांगितलं, मी बोलले, “कासवाच्या जागी उभं राहून बघा म्हणते.” तेही जमेना. शेवटी ते नुसते थांबून राहिले. मंगलचं कासव एकेक गल्ली मागं टाकत आलं आणि त्यांच्या कासवाला भिडलं. गृहस्थ मनापासून खूश झाले. मंगलच्या डोक्यावर हात ठेवून संस्थेच्या लोकांना म्हणाले, “मुलांची ही भाषा इतकी चांगली आहे, आणि या संगणकाच्या बाईंना ती कळतेही. मग इतकी वर्षं तुम्ही त्यांना बोलायला कशाला लावता?”

त्यांनी ते निरागसपणे विचारलं. पण खोली एकदम थंड झाली. मी मोठ्या बाईंकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी मला ठेवायचं नाही असं संस्थेनं ठरवलं. संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं. ते काही वर्षांनी निघालं म्हणतात, आणि आता त्या शाळेत खुणांची भाषा रीतसर शिकवतात. मी तोवर देगलूरला परतून मुलींसाठी स्वतःचा वर्ग काढला होता. फुफीनं लातूर सोडलं नाही. अब्बांना तिनं स्वतःच सगळं सांगितलं, त्यांच्यासमोर बसून, आणि ते वरडले नाहीत. मी गेल्यावर मंगल दर रविवारी तिच्याकडे जात असे. मला मात्र देगलूरच्या त्या गजबजाटात पुन्हा पहिल्यासारखं एकटं वाटायला लागलं, आणि हातांना बोलायला कुणी नाही म्हणून ते मांडीवर नुसते पडून राहायचे.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी मी मोठ्या बाईंना भेटायला गेले होते. शाळा सुटली होती. त्या टेबलामागं बसल्या होत्या, हाताला खडूची पूड. मला वाटलं, रागावतील.

“दार लावून घे,” त्या म्हणाल्या.

मी लावलं. त्या सांगायला लागल्या. “मला एक मुलगा आहे. पुण्याला असतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याला मी बोलायला शिकवलं, नसीम. बारा-बारा तास घेऊन बसायची. छान बोलायचा. लोक बघायला यायचे.” त्यांनी हातावरची पूड झटकली. “तिकडे त्याला त्याच्यासारखे मित्र मिळाले. आता त्यांच्याशी हातांनी बोलतो. घरी आला की माझ्याशी तोंडानं बोलत नाही. थकतो म्हणतो. लिहून दाखवलं मला. जेवतो आणि दुसऱ्या गाडीनं जातो.”

मी टेबलाजवळ सरकले.

“जेवलास का, हे हातांनी कसं विचारतात?” त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी करून बघितलं. बोटं ताठ होती, कधी न वाकलेली. मी पुन्हा दाखवलं, त्यांनी पुन्हा केलं. चार-पाच वेळा केल्यावर जमलं. त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघितलं. मैदानात शिपाई झाडत होता.

“आणि अजून दोन दिवस राहा, हे?”

मी ते दाखवलं. त्यांनी ते पहिल्याच वेळी बरोबर केलं.